एकाच तारखेला इतक्या जणांचा वाढदिवस कसा? ६ डिसेंबरपासून १ जूनपर्यंतचं गणित

दरवर्षी ६ डिसेंबर आला की मोबाईलवर एक फोटो फिरायला लागतो. रवींद्र जडेजा (जन्म १९८८), जसप्रीत बुमराह (१९९३), श्रेयस अय्यर (१९९४), करुण नायर (१९९१) आणि आर. पी. सिंग (१९८५). पाचही जण भारताकडून कसोटी क्रिकेट खेळलेले आणि पाचही जणांचा वाढदिवस एकाच तारखेला! खाली कोणीतरी हमखास लिहितं, "हा योगायोग असूच शकत नाही."

तर मित्रांनो, हा योगायोगच आहे. तोही फार दुर्मीळ नाही. तो का दुर्मीळ नाही हे एकदा नीट कळलं, की पासवर्ड कसे फुटतात, फाइलचा 'ठसा' कसा बनावट होऊ शकतो आणि सरकारी यादीत दोन वेगळी माणसं एकच कशी ठरतात, या तिन्ही गोष्टी त्याच गणितातून उलगडतात. म्हणून आज वाढदिवस हा विषय घेतलाय.

आधी थोडी गंमत: कोण कोणाचा जोडीदार?

यादी करायला बसलं की जोड्या मिळतच जातात. २ ऑक्टोबर तर शाळेपासून पाठ आहे: महात्मा गांधी (१८६९) आणि लालबहादूर शास्त्री (१९०४). ८ नोव्हेंबरला आपले पु. ल. देशपांडे (१९१९) आणि लालकृष्ण अडवाणी (१९२७). १२ डिसेंबरला शरद पवार (१९४०), गोपीनाथ मुंडे (१९४९), रजनीकांत (१९५०) आणि युवराज सिंग (१९८१), म्हणजे राजकारण, सिनेमा, क्रिकेट सगळं एकाच दिवशी. २८ सप्टेंबरला लता मंगेशकर (१९२९), आणि त्याच तारखेला १९८२ साली दोघं जन्मले: अभिनेता रणबीर कपूर आणि ऑलिंपिक सुवर्णपदक विजेता नेमबाज अभिनव बिंद्रा. या दोघांचं तर वर्षही एकच.

दिवस आणि वर्ष दोन्ही जुळणारी जगातली सगळ्यात गाजलेली जोडी म्हणजे चार्ल्स डार्विन आणि अब्राहम लिंकन. दोघांचाही जन्म १२ फेब्रुवारी १८०९ चा.

स्टीफन हॉकिंग यांचा जन्म ८ जानेवारी १९४२ चा. गॅलिलिओच्या मृत्यूला त्या दिवशी बरोबर ३०० वर्षं झाली होती. पुढे हॉकिंग गेले ते १४ मार्चला (२०१८), म्हणजे आइन्स्टाइनच्या वाढदिवशी. वाचताना अंगावर काटा येतो ना? पण गॅलिलिओच्या योगायोगाबद्दल खुद्द हॉकिंग यांचं म्हणणं असं होतं, की त्या दिवशी जगात अंदाजे दोन लाख मुलं जन्मली असतील. गॅलिलिओशी नातं जोडायचं तर त्या सगळ्यांचंच जोडावं लागेल. वैज्ञानिक माणूस योगायोगाकडे असं बघतो. आपणही तसंच बघू.

२३ माणसं पुरतात

प्रश्न साधा आहे. एका खोलीत किती माणसं असली, की त्यातल्या निदान दोघांचा वाढदिवस एकच असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त होते?

बहुतेक जण म्हणतात १८३, कारण ३६५ चे निम्मे. खरं उत्तर आहे फक्त २३. गणितात याला 'बर्थडे पॅराडॉक्स' म्हणतात. खरं तर यात विरोधाभास काही नाही, फक्त आपली मोजायची पद्धत चुकते.

आपण माणसं मोजतो, मोजायच्या असतात जोड्या. २३ माणसांत प्रत्येक जण उरलेल्या २२ जणांशी जोडी करतो. २३ × २२ भागिले २ म्हणजे २५३ जोड्या. अडीचशे जोड्यांपैकी एखादी तरी जुळायला काय हरकत आहे?

हिशोब उलटा केला की सोपा जातो. कोणाचाच वाढदिवस जुळत नाही याची शक्यता काढू. पहिल्या माणसाचा वाढदिवस कोणताही चालेल. दुसऱ्याने तो एक दिवस टाळायचा: ३६४/३६५. तिसऱ्याने दोन दिवस टाळायचे: ३६३/३६५. असं करत तेविसाव्या माणसाला २२ दिवस टाळावे लागतात: ३४३/३६५. या सगळ्यांचा गुणाकार केला की ०.४९३ येतो. म्हणजे न जुळण्याची शक्यता ४९.३ टक्के आणि जुळण्याची ५०.७ टक्के.

पुढे आकडा झपाट्याने चढतो. ३० जणांत ७० टक्के. ४० मुलांच्या वर्गात ८९ टक्के, म्हणजे दहापैकी जवळजवळ नऊ वर्गांत एक जोडी सापडणारच. ५० जणांत ९७ टक्के. ५७ जण झाले की ९९ टक्के.

मी हे दोन प्रसिद्ध याद्यांवर ताडून पाहिलं. अमेरिकेचे आजवरचे राष्ट्राध्यक्ष ४५ व्यक्ती आहेत. जोडी सापडण्याची शक्यता ९४ टक्के, आणि एक जोडी सापडतेच: जेम्स पोक (१७९५) आणि वॉरन हार्डिंग (१८६५), दोघंही २ नोव्हेंबरचे. दुसरी यादी भारताच्या पंतप्रधानांची. हंगामी पंतप्रधान गुलझारीलाल नंदा धरून नेहरूंपासून मोदींपर्यंत १५ जण. एवढ्या लोकांत जोडी सापडण्याची शक्यता फक्त २५ टक्के, आणि तिथे एकही जोडी नाही. इंदिरा गांधी १९ नोव्हेंबरच्या, नेहरू १४ नोव्हेंबरचे, जवळ येतात पण जुळत नाहीत. मोरारजी देसाईंनी तर २९ फेब्रुवारी (१८९६) गाठून जुळणी आणखीच अवघड केली.

दोन याद्यांनी काही सिद्ध होत नाही हे मान्य. पण तुमच्या ऑफिसच्या, सोसायटीच्या किंवा शाळेच्या जुन्या बॅचच्या ग्रुपवर हा प्रयोग करून बघा. पन्नास जणांचा ग्रुप असेल तर पैज लावायला हरकत नाही.

"मग माझ्या तारखेचा कोणीच का भेटत नाही?"

हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, आणि खरी मेख इथेच आहे. "कोणाचाही कोणाशीही" जुळणं आणि "कोणाचा तरी माझ्याशी" जुळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात सगळ्या जोड्या चालतात. दुसऱ्यात फक्त त्याच जोड्या चालतात ज्यात तुम्ही आहात. २३ जणांच्या खोलीत अशा जोड्या जेमतेम २२. तुमच्याच तारखेचा माणूस भेटण्याची शक्यता निम्मी व्हायला तुमच्याशिवाय २५३ माणसं लागतात.

आता ६ डिसेंबरकडे परत जाऊ. भारताकडून कसोटी खेळलेले पुरुष खेळाडू आज तीनशेच्या थोडे वर आहेत. गणित सांगतं की तिघांचा वाढदिवस एकाच दिवशी येण्याची शक्यता निम्मी व्हायला ८८ माणसं लागतात, चौघांचा यायला १८७ आणि पाच जणांचा यायला ३१३. म्हणजे भारताच्या कसोटीपटूंच्या यादीत वर्षातल्या कुठल्यातरी एका तारखेला पाच जण असणं हे नाणेफेक जिंकण्याइतकंच अवघड आहे. ती तारीख ६ डिसेंबर निघाली एवढंच. १७ ऑगस्ट निघाली असती तर फोटो त्या दिवशी फिरला असता.

१ जून: महाराष्ट्राचा सामूहिक वाढदिवस

आत्तापर्यंतच्या हिशोबात आपण एक गोष्ट गृहीत धरली: वर्षाचे सगळे दिवस सारखेच. पण महाराष्ट्रात राहणाऱ्या कोणालाही विचारा, सगळे दिवस सारखे नाहीत. घरातल्या मोठ्या माणसांची आधार कार्डं काढून बघा. निदान एकावर तरी १ जून सापडेल.

कारण सगळ्यांना ठाऊक आहे. खेड्यात जन्माची नोंद व्हायचीच असं नाही. आईला विचारलं तर ती सांगायची, "पानशेत फुटलं त्या साली," किंवा "कोयनेचा भूकंप झाला तेव्हा हा पोटात होता." म्हणजे १९६१ किंवा १९६७. वर्ष कळलं, दिवसाचं काय? शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, त्या सुमारास वय पूर्ण झालेलं दिसायला हवं. मुलाने डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान पकडला की गुरुजी म्हणायचे झालं, आणि पटावर लिहायचे १ जून. तीच तारीख शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, तिथून नोकरीच्या सेवापुस्तकात, तिथून पॅन कार्डावर. माझ्या वडिलांची कागदावरची तारीखही हीच. खरी तारीख आजीबरोबर गेली.

याचा परिणाम पुढे साठ वर्षांनीही दिसतो. महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला सरकारी कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, असा नियम आहे. म्हणून ३१ मेला कार्यालयाकार्यालयांत निरोपसमारंभांची रांग लागते.

गणिताच्या दृष्टीने बघा काय झालं. दिवस सारखे वाटले गेले नाहीत, एकाच दिवसावर गर्दी झाली. वाटप असमान झालं की जुळण्याची शक्यता नेहमी वाढतेच, कमी कधी होत नाही. समजा एखाद्या गटात दहापैकी एकाची तारीख १ जून आहे आणि बाकीचे वर्षभर विखुरलेले आहेत. मग २३ जणांत जोडी सापडण्याची शक्यता ५० वरून साधारण ८४ टक्क्यांवर जाते.

इथपर्यंत गंमत आहे. पण आमच्या गावात दोन आज्या होत्या. नाव एक, आडनाव एक, नवऱ्याचं नावही एकच (भावकीत हे नवल नाही), आणि दोघींच्या कागदावर १ जून, वर्षसुद्धा तेच. एका योजनेच्या संगणकीकृत यादीत दोघी "एकच लाभार्थी, दोनदा नोंद" ठरल्या आणि एकीचे पैसे थांबले. ती आजी जिवंत होती, खरी होती, दर आठवड्याला चौकशीला जात होती. तिच्या नातवाने दोघींना शेजारी उभं करून फोटो काढला आणि अर्जाला जोडला, तेव्हा कुठे गाडी हलली. हे सगळं होईपर्यंत दोन पावसाळे गेले.

ज्याने तो प्रोग्राम लिहिला त्याला वाटलं असणार, की नाव आणि पूर्ण जन्मतारीख दोन्ही जुळली म्हणजे माणूस एकच. जिथे तारखा सगळीकडे सारख्या पसरलेल्या असतात तिथे हा अंदाज बऱ्याचदा बरोबर येतो. जिथे गुरुजींनी तारखा दिल्या तिथे तो फसतो.

संगणकाचा पट: हॅश म्हणजे काय?

आता मूळ तंत्रज्ञानाच्या गोष्टीकडे येऊ. संगणकाला मोठी फाइल पटकन ओळखायची असते. त्यासाठी तो 'हॅश फंक्शन' वापरतो. फाइल कितीही मोठी असो, दोन ओळींचं पत्र असो वा तीन तासांचा सिनेमा, फंक्शन तिच्यातून ठरावीक लांबीचा एक आकडा काढतं. हा त्या फाइलचा बोटाचा ठसा समजा. डाउनलोड नीट झालं का, फाइलमध्ये कोणी फेरफार केला का, डिजिटल सही खरी का, हे सगळं या ठशावरून तपासतात.

हॅश फंक्शन म्हणजे आपले पटावर तारीख लिहिणारे गुरुजीच. येणाऱ्या प्रत्येकाला ते एका कप्प्यात बसवतात. वर्षाचे कप्पे ३६५, हॅशचे कप्पे खूप जास्त. पण वेगवेगळ्या फाइली अनंत असू शकतात आणि कप्पे मोजके, म्हणून कधीतरी दोन वेगळ्या फाइली एकाच कप्प्यात येणारच. याला 'कोलिजन', म्हणजे टक्कर म्हणतात.

प्रश्न एवढाच, की टक्कर कधी होते? इथे २३ चं गणित जसंच्या तसं लागू होतं. ढोबळ नियम असा: कप्प्यांच्या संख्येचं वर्गमूळ काढा आणि १.१८ ने गुणा. ३६५ चं वर्गमूळ १९.१, गुणून येतात २२.५, म्हणजे २३ माणसं. ३२ बिटांच्या हॅशचे कप्पे सुमारे ४२९ कोटी. ऐकायला प्रचंड वाटतात. पण त्यांचं वर्गमूळ ६५,५३६, आणि साधारण ७७,००० फाइली झाल्या की टक्कर होण्याची शक्यता निम्मी. एका घरातल्या फोटोंचा हार्डडिस्कवरचा साठा एवढा सहज असतो.

हल्लेखोरही याच वर्गमूळाचा फायदा घेतो. त्याला अमुक एका फाइलशी जुळणारी फाइल शोधायची नसते (ते म्हणजे "माझ्या तारखेचा माणूस शोधा", फारच अवघड). तो कोणत्याही दोन जुळणाऱ्या फाइली शोधतो, एक साळसूद आणि एक घातक. साळसूद फाइलवर सही करून घेतो आणि ती सही घातक फाइलला चिकटवतो. याला नावच 'बर्थडे अटॅक' आहे.

यामुळे हॅशची ताकद दिसते त्याच्या निम्म्याच बिटांची असते. एसएचए-१ नावाचा हॅश १६० बिटांचा, पण टक्कर शोधायला लागणारं काम २ चा ८० वा घात एवढंच. त्यात त्याच्या रचनेतही कच्चे दुवे निघाले. फेब्रुवारी २०१७ मध्ये ॲम्स्टरडॅमची सीडब्ल्यूआय ही संशोधन संस्था आणि गूगल यांनी दोन वेगळ्या पीडीएफ फाइली जाहीर केल्या. दोन्हींचा एसएचए-१ ठसा हुबेहूब एकच. लागलेलं काम होतं सुमारे २ चा ६३ वा घात. त्याआधीचा एमडी५ हा हॅश तर २००४ मध्येच चिनी संशोधक शाओयुन वांग आणि सहकाऱ्यांनी फोडला होता, आणि २०१२ मध्ये उघड झालेल्या 'फ्लेम' या व्हायरसने एमडी५ च्या टकरीवरूनच बनावट मायक्रोसॉफ्ट प्रमाणपत्र तयार केलं होतं. म्हणून आता एसएचए-२५६ वापरतात. त्याचं वर्गमूळ काढलं तरी १२८ बिटांची ताकद उरते, आणि ती आजच्या कुठल्याही संगणकाच्या आवाक्याबाहेर आहे.

चांगला हॅश तो, जो सगळे कप्पे सारखे भरतो. एखादा हॅश काही कप्प्यांत जास्त गर्दी करत असेल तर टकरी लवकर होतात. थोडक्यात, त्याच्यात कुठेतरी १ जून लपलेला असतो.

उलट उदाहरणही आहे. ॲप्समध्ये प्रत्येक नोंदीला 'यूयूआयडी' नावाचा यादृच्छिक क्रमांक देतात. त्याच्या सध्या सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्या प्रकारात १२२ बिट मोकळे असतात. दर सेकंदाला शंभर कोटी क्रमांक काढत राहिलात तरी एक टक्कर होण्याची शक्यता निम्मी व्हायला सुमारे ८६ वर्षं लागतील. आमच्या त्या दोन आज्यांना असा क्रमांक सुरुवातीलाच दिला असता तर त्या कधीच एक झाल्या नसत्या.

तारीख जुळली, पण दिवस तोच होता का?

प्रसिद्ध लोकांच्या याद्या करताना आणखी एक खड्डा आहे. न्यूटनचा जन्म २५ डिसेंबर १६४२, आणि गॅलिलिओचा मृत्यूही १६४२ सालचा, म्हणून "एक गेला आणि त्याच वर्षी दुसरा आला" असं खूप ठिकाणी वाचायला मिळतं. पण इटलीत तेव्हा ग्रेगोरियन दिनदर्शिका होती आणि इंग्लंडमध्ये जुनी ज्युलियन. इंग्लंडने १७५२ पर्यंत ती बदललीच नाही. आजच्या दिनदर्शिकेप्रमाणे न्यूटन ४ जानेवारी १६४३ ला जन्मला. एकाच दिनदर्शिकेने मोजलं की वर्ष जुळत नाही.

आपल्याकडेही असंच आहे. शिवाजी महाराजांची जन्मतिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. सरकारी शिवजयंती ज्या १९ फेब्रुवारीला (१६३०) होते ती ज्युलियन तारीख आहे. ग्रेगोरियनप्रमाणे तो दिवस १ मार्च १६३० येतो. दिवस एकच, त्याला लिहायच्या पद्धती तीन. यावर वाद घालण्यापेक्षा कोणती पद्धत वापरली ते लिहून ठेवणं महत्त्वाचं.

विकिपीडियाच्या मागे असलेला विकिडेटा हा माहितीसंच नेमकं हेच करतो. तिथे जन्मतारखेबरोबर दिनदर्शिका कोणती आणि माहिती किती अचूक (दिवसापर्यंत, महिन्यापर्यंत की फक्त वर्षापर्यंत) हेही साठवता येतं. आधार कार्डातही ही सोय आहे. तारीख माहीत नसेल तर अनेकांच्या कार्डावर फक्त 'जन्म वर्ष' छापलेलं दिसतं. माहीत आहे तेवढंच लिहायचं, उरलेलं रिकामं ठेवायचं. गुरुजींच्या पटात रिकामी जागा सोडायची सोय असती तर १ जूनचा प्रश्न उभाच राहिला नसता.

संगणकाचा स्वतःचाही एक १ जून आहे: १ जानेवारी १९७०. अनेक प्रणाली वेळ मोजायला तिथून सुरुवात करतात. तारीख भरली गेली नाही आणि तिथे शून्य बसलं, की स्क्रीनवर माणूस १ जानेवारी १९७० ला जन्मलेला दिसतो. आणखी एक घोळ टाइमझोनचा. भारतातली ६ डिसेंबरची मध्यरात्र म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत ५ डिसेंबरचे साडेसहा वाजलेले असतात. ॲपने जन्मतारीख 'क्षण' म्हणून साठवली तर कधीकधी वाढदिवस एक दिवस आधीच दिसतो. प्रोग्रामर मित्रांसाठी सल्ला: जन्मतारीख ही फक्त तारीख म्हणून साठवा, तिला घड्याळ लावू नका.

जन्मतारीख: ओळख म्हणून अपुरी, गुपित म्हणून त्याहून अपुरी

आता सगळ्यात कामाचं. जन्मतारीख एकटीने तुमची ओळख ठरवू शकत नाही, हे आपण पाहिलं. पण बाकी दोन-तीन गोष्टींबरोबर आली की ती तुम्हाला उघडं पाडते. अमेरिकेतल्या संशोधक लतान्या स्वीनी यांनी दाखवलं, की तिथल्या सुमारे ८७ टक्के लोकांना पिनकोड, लिंग आणि पूर्ण जन्मतारीख या तीन गोष्टींवरून एकमेव म्हणून ओळखता येऊ शकतं. मॅसॅच्युसेट्स राज्याने कर्मचाऱ्यांच्या आजारपणाची माहिती नावं काढून संशोधनासाठी दिली होती. स्वीनी यांनी मतदारयादी विकत घेतली आणि दोन्ही ताडून पाहिल्या. गव्हर्नर विल्यम वेल्ड राहत त्या केंब्रिज शहरात त्यांच्या जन्मतारखेचे सहा जण होते, त्यातले तीन पुरुष, आणि त्यांच्या पिनकोडमधला फक्त एक. गव्हर्नरांची वैद्यकीय माहिती नाव नसतानाही सापडली.

आणि गुपित म्हणून? चार आकडी पिनचे १०,००० पर्याय असतात. दिवस-महिना असा पिन ठेवला की ते ३६६ वर येतात. दिवस-महिना-वर्ष असा आठ आकडी पासवर्ड ठेवलात तर दहा कोटींऐवजी शंभर वर्षांचे जेमतेम ३६,५०० पर्याय उरतात. संगणक ते चहा उकळायच्या आत तपासून मोकळा होतो. ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मवर्ष. ज्याला तुमचं नाव माहीत आहे त्याच्यासाठी ते फार तर शंभर अंदाज. तो पासवर्ड सोयीसाठी आहे, तिजोरीचं कुलूप म्हणून नाही.

मग काय करायचं? मी स्वतः पाळतो त्या गोष्टी सांगतो.

१. एटीएम, यूपीआय, मोबाईलचं लॉक, यांपैकी कुठेही स्वतःची, जोडीदाराची किंवा मुलांची जन्मतारीख नाही.

२. सोशल मीडियावर दिवस-महिना ठेवायचा असेल तर ठेवा, वर्ष लपवा. शुभेच्छा वर्षाशिवायही तेवढ्याच गोड लागतात.

३. ई-आधार किंवा आयकर विवरणाची पीडीएफ कोणाला पाठवायची तर "पासवर्ड आहे ना" म्हणून निर्धास्त राहू नका. खरोखर गरज असेल त्यालाच पाठवा.

४. घरातल्या ज्येष्ठांच्या कागदांवर १ जून असेल तर सगळ्या कागदांवर ती तारीख एकसारखी आहे का ते आत्ताच तपासा. एका कागदावर १ जून आणि दुसऱ्यावर १ जानेवारी असलं की अडचण येते, आणि ती बहुधा निवृत्तीवेतनाच्या वेळी येते.

५. लोकांच्या याद्या बनवणारं सॉफ्टवेअर लिहीत असाल तर नाव आणि जन्मतारीख जुळली म्हणून कोणाची नोंद आपोआप रद्द करू नका. ती "तपासा" अशी बाजूला ठेवा आणि माणसाला बघू द्या.

नव्या पिढीचा प्रश्न बराचसा सुटत आलाय. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या सुधारित कायद्यानुसार त्यानंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, मतदारयादी, नोकरी अशा कामांना जन्माचा दाखला हाच तारखेचा पुरावा धरला जाणार आहे. या मुलांच्या तारखा वर्षभर विखुरलेल्या असतील आणि तेवीस जणांत एखादी जोडी निघेल ती निव्वळ गणिताने.

जुन्या पिढीच्या हातात मात्र पटावरची तीच तारीख आहे. येत्या १ जूनला गावातल्या दहा जणांना शुभेच्छा देताना एवढं करा: वडीलधाऱ्यांना विचारा, "खरा दिवस कोणता, काही आठवतं का?" पाऊस होता, जत्रा होती, कापणी चालू होती, जे सांगतील ते वर्षासकट लिहून ठेवा. सरकारी कागद त्याने बदलणार नाही. पण घरातल्या नोंदीत तरी त्यांच्या नावापुढे गुरुजींनी दिलेल्या तारखेशिवाय आणखी काहीतरी असेल.